कपाटातली न वाचलेली पुस्तकं आणि किचनचा वजनकाटा

माझ्या कपाटात जी पुस्तकं वर्षानुवर्षं न वाचता पडून होती ती जवळजवळ सगळी जाड होती. आधी मला वाटायचं की अवघड असतील म्हणून राहिली, किंवा मी आळशी, किंवा मोबाईल. पण सगळी खाली काढून जमिनीवर मांडल्यावर एकदम दिसलं की अवघड-सोप्याचा काही संबंधच नाही, बारीक अवघड पुस्तकं वाचून झालेली आणि जाड सोपी तशीच. कारण एकदम साधं आहे, मी घरात वाचतच नाही. मी वाचते ट्रेनमध्ये. आणि ट्रेनमध्ये एक हात वर कडीला असतो.

खाली का काढली तर आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. गोरेगावला राहतो आम्ही, वन बीएचके, मी, नवरा, लेक आणि सासूबाई. इतकी वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डर येऊन चहा पिऊन जायचे, यावेळी मात्र खरंच ॲग्रीमेंट रजिस्टर झालं, भाडं ठरलं, आणि आता भाड्याच्या घरात पुस्तकांचं एवढं कपाट मावणार नाही हे नक्की झालं. नवरा म्हणाला की वाचलेली ठेव, न वाचलेली देऊन टाक, इतक्या वर्षांत नाही वाचलीस तर आता काय वाचणार. मला ते उलटं वाटलं. वाचलेली देता येतात की, ती वाचून झालीत! न वाचलेलं पुस्तक देऊन टाकायचं म्हणजे मग घेतलं कशाला होतं? यावर आमचं थोडं वाजलं, आणि शेवटी असं ठरलं की घर रिकामं करेपर्यंत नवीन पुस्तक आणायचं नाही आणि जमेल तितकी संपवायची, उरलेल्यांचं तेव्हा बघू. नवीन न आणणं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही, दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियल पुस्तकांच्या दुकानावरून जायचं झालं की मी समोरच्या फुटपाथने जायचे.

साठ-सत्तर तरी असतील. कुठून आली याचा हिशोब लावला तर बरीचशी प्रदर्शनांमधली, चर्चगेटला सुंदराबाई हॉलमध्ये भरायची तिथली, काही फोर्टातल्या स्ट्रँड या पुस्तकांच्या दुकानातली (ते 2018 मध्ये बंद झालं तेव्हा शेवटच्या सेलमध्ये मी जे हाताला लागेल ते उचललं होतं, त्यातली तीन तर अजून प्लास्टिकमध्ये होती), काही फ्लोरा फाउंटनच्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची, आणि काही माहेरून आलेली. बाबांना प्रकाशनपूर्व सवलतीचा फार नाद होता. आधी पैसे भरायचे, मग सहा-आठ महिन्यांनी खंड यायचे, ते यायचे तोवर वाचायचा उत्साह संपलेला असायचा पण कपाट मात्र भरदार दिसायचं. तो नाद माझ्यात आलाय.

सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांचं वेगळंच प्रकरण निघालं. कपाटाची मागची भिंत बाथरूमची. मुंबईत बाथरूमच्या भिंतीला लागून पुस्तकं ठेवू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांच्या घरी तीच एक भिंत रिकामी असते. दोन-तीन पुस्तकांवर पांढरट बुरशी, एकात कसर, पानांच्या कडेला नक्षीसारखी भोकं. ऑक्टोबरचं ऊन पडलं तसं गॅलरीत पसरली, पानं उघडी करून, मऊ ब्रशने झाडून. एक कामातून गेलं, बाकीची तगली. मऊ कपड्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला बांधून ठेवायची आई, मी डांबरगोळ्या ठेवल्या, पण डांबरगोळीचा वास आलेलं पुस्तक ट्रेनमध्ये उघडलं की शेजारची बाई नाकाला पदर लावते हा अनुभव घेऊन झालाय.

तर वजनकाटा. लेकीने केक करायला म्हणून डिजिटल काटा आणला होता, केक दोनदा झाला आणि काटा ओट्यावर पडून. मी सरळ एकेक पुस्तक त्यावर ठेवायला सुरुवात केली. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "रद्दीला घालणार आहेस का गं?" मी म्हटलं नाही हो आई, वाचणार आहे. त्यांनी कपाळाला हात लावला.

पण काम झालं त्याने. माझ्या हाताला जे झेपतं ते साधारण चारशे ग्रॅमपर्यंत. त्याच्या वर गेलं की उभ्याने, एका हातात, अंगठ्याने पान दाबून धरून वाचता येत नाही, अंधेरी येईपर्यंत मनगट भरून येतं. तर चारशेच्या आतली म्हणजे उभ्याची. चारशे ते आठशे बसल्याची, म्हणजे मांडीवर पर्स आणि पर्सवर पुस्तक. आणि आठशेच्या पुढची घरची, ती घरीच. असे तीन ढीग पॅसेजमध्ये लावले आणि लगेच कळलं की उभ्याचा ढीग अगदी बारका आहे, साहजिकच, ती सगळी पूर्वीच वाचून झालेली.

उभ्याच्या ढिगातली लवकर उरकली. त्यात इरावती कर्व्यांचं 'युगान्त' होतं, 1967 चं पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला, माझ्याकडे नंतरची आवृत्ती. हे का राहिलं होतं? कारण त्याच्याबद्दल इतकं ऐकलेलं असतं की वाचल्यासारखंच वाटतं, कोणी विषय काढला तर आपण दोन वाक्यं बोलू पण शकतो. अशी पुस्तकं माझ्याकडे बरीच निघाली, न वाचलेली पण तोंडपाठ. ते ट्रेनला एकदम योग्य आहे, एकेका व्यक्तीवर एकेक लेख, गांधारी जाताना, कुंती येताना. द्रौपदीचा लेख वाचताना माझ्या डोक्यावर कोणाची तरी भाजीची पिशवी टेकलेली होती आणि मला कळलं पण नाही.

ह्याच ढिगात ओळखीतल्या लोकांचे कवितासंग्रह होते, आतल्या पानावर 'स्नेहपूर्वक' लिहून सही केलेले. ते वाचले. सगळे. जास्त बोलत नाही.

एक नियम मात्र ह्याच वेळी पडला. मला पुस्तक अर्धवट सोडता येत नाही, लहानपणापासूनची सवय, ताटात टाकायचं नाही तसं. पण घर सोडायची तारीख डोक्यावर असताना ते परवडणारं नव्हतं. म्हणून वडाळ्याचा नियम. गोरेगावला पुस्तक उघडायचं, आणि वडाळा येईपर्यंत जर मला पुढे काय होतंय याची काडीचीही पडलेली नसेल तर बंद करायचं आणि देण्याच्या पिशवीत टाकायचं. व्यवस्थापनावरची, यशस्वी कसं व्हावं वाली, कधीतरी बोनसच्या महिन्यात घेतलेली इंग्रजी पुस्तकं तर सांताक्रूझच्या पुढे गेलीच नाहीत.

आता वडाळा कुठून आलं तर मी मार्ग बदलला. आधी मी चर्चगेटची फास्ट पकडायचे, त्यात बसायला मिळणं म्हणजे लॉटरी. हार्बर लाइन 2018 मध्ये गोरेगावपर्यंत आली आणि सीएसएमटीची गाडी इथूनच सुटते, म्हणजे सुरुवातीलाच खिडकी. वेळ जास्त लागतो, तासाच्या वर, सगळ्या स्टेशनांना थांबत थांबत जाते, आणि इतकी वर्षं ह्याच कारणासाठी मी ती टाळत होते. माझं ऑफिस फोर्टात, दोन्हीकडून चालत सारखंच. बसल्याची पुस्तकं वाचायची तर बसायला हवं, बसायला हवं तर हार्बर हवी, मग पंचवीस मिनिटं लवकर निघायला लागलं आणि डब्याची भाजी रात्रीच चिरायला लागली. पुस्तक वाचायला काय लागतं तर भाजी रात्री चिरायला लागते, हे कोणी कुठे लिहीत नाही.

हार्बरच्या खिडकीत बसून जे पुस्तक वाचायलाच हवं होतं ते नेमकं माझ्या ढिगात होतं, गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन'. 1863 सालचं. माझ्याकडे अर्थातच पुनर्मुद्रण, फुटपाथवरून घेतलेलं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, म्हणजे हा माणूस लिहितोय तेव्हा रेल्वेला दहाच वर्षं झालेली, ताडदेवची पहिली कापडगिरणी सुरू होऊन काहीच वर्षं झालेली, फोर्टाचा तट पाडायचं त्याच सुमाराला निघालेलं. आणि मी त्याच फोर्टात रोज कामाला जाते जिथे आता तट नावालाच आहे. सुरुवातीची पानं जड गेली, वाक्यं लांब, जुन्या वळणाची, दोनदा वाचावं लागायचं. मग एक युक्ती सापडली, मनातल्या मनात नाही वाचायचं, ओठ हलवत पुटपुटत वाचायचं. लेडीज डब्यात तसंही अर्ध्या बायका पोथी पुटपुटत असतात, कोणी बघत नाही. तशी वाचली की ती वाक्यं बोलल्यासारखी लागतात आणि कुठे श्वास घ्यायचा ते कळतं.

त्याच्यात मुंबईतले रस्ते, बाजार, देवळं, तळी, वेगवेगळ्या जातीधर्मांची माणसं असं सगळं येतं, आणि मला मजा ही वाटायची की खिडकीबाहेर शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड जातंय आणि रुळांच्या पूर्वेकडची बरीचशी जमीन ह्या माणसाच्या वेळी समुद्रात होती. त्याच्या काळात कापसाचा बाजार कुलाब्याला होता, तो इकडे यायला पुढचं शतक उजाडलं. घरी बसून हे पुस्तक मी कधीच पुरं केलं नसतं, नाद लागला तो खिडकीमुळे. पुढे पुढे तर मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बाहेर बघत बसायचे आणि ते पण वाचनातच धरायचे.

पण खरा तिढा घरच्या ढिगाचा. आठशे ग्रॅमच्या वरची. ती घरी वाचायची म्हटलं तर कधी? घरी आल्यावर कुकर, भांडी, लेकीचा क्लास, आणि अंथरुणाला पाठ टेकली की जाड पुस्तक छातीवर घेऊन मी दोन पानांत झोपते, एकदा तर नाकावर पडलं.

त्यात होती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', माहेरची जुनी प्रत, जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. काटा म्हणाला साडेआठशेच्या वर. हे पण 'वाचलंयच की' वालं, शाळेत उतारा होता ना! पूर्ण कधीच नाही. नेमकं हे पुस्तक मला ट्रेनमध्ये हवं होतं.

ऑफिसमध्ये मी अकाउंट्सला आहे, दरवर्षी व्हाउचरच्या फायली बाइंड करायला जातात त्या बझारगेटच्या बाजूला एका गल्लीत बसणाऱ्या बाइंडर काकांकडे. फायली घ्यायला गेले होते, सहज विचारलं की काका, एका पुस्तकाची चार पुस्तकं करता येतील का. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ताई, लोक चार सुट्यांचं एक करून घ्यायला येतात. उलटं कशाला?" मी सांगितलं, ट्रेनमध्ये वाचायचंय, पेलवत नाही. त्यावर ते अजिबात हसले नाहीत, म्हणाले आणा बघू, शिलाईचं असेल तर होईल, गोंदाचं असेल तर नाही.

हा फरक मला तोवर माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन पुस्तकं नेली. एक अलीकडचं, त्यांनी उघडून पाठीकडून बघितलं आणि लगेच परत केलं. त्यात पानं सुटी कापून पाठीला गरम गोंदाने चिकटवलेली असतात, मध्ये चिरलं तर दोन्ही बाजूची पानं गळायला लागतात. 'स्मृतिचित्रे' मात्र शिलाईचं. मोठा कागद छापून, घड्या घालून सोळा पानांचा फर्मा होतो, असे फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवतात, आणि दोन फर्म्यांच्या मध्ये दोरा कापला तर पुस्तकाला काहीही होत नाही. हे त्यांनी मला दाखवलं, वरून बघायचं, पानांच्या पाठीला अशा छोट्या छोट्या कमानी दिसतात, एक कमान म्हणजे एक फर्मा.

मी लंच टाइममध्ये तिथेच स्टुलावर बसून बघितलं सगळं. आधी पातळ सुरीने पुठ्ठा सोडवला, तो अख्खा बाजूला निघाला. पाठीवर जाळीसारखं कापड होतं आणि त्यावर जुन्या खळीचा पिवळा थर, त्यावर ओलं फडकं ठेवून दिलं आणि ते चहा प्यायला गेले. खळ भिजून मऊ झाली तशी बोटानेच खरवडून काढली. मग फर्मे मोजले, चार वाटण्या केल्या, आणि मला विचारलं, "इथे कापू?" प्रश्न असा होता की प्रकरण काही फर्म्याच्या हिशोबाने संपत नाही. प्रकरण संपतं तिथे कापायचं तर फर्म्याची घडी फाडायला लागणार आणि सुट्या पानांना पट्टी लावून परत जोडायला लागणार, पुस्तक कमजोर होणार. त्यांचं मत स्वच्छ होतं की फर्म्यावर कापा, वाचणाऱ्याने पुढचा भाग हातात घ्यावा. मी हो म्हटलं. त्यामुळे माझ्या पहिल्या भागाचं शेवटचं पान अर्ध्या वाक्यात संपतं, आणि एका संध्याकाळी मी जोगेश्वरीला त्या अर्ध्या वाक्यावर पोचले तेव्हा दुसरा भाग घरी होता.

शिवून, खळ लावून (खळीत ते मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून), पातळ पुठ्ठे घालून रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवले. चारही भागांचे मिळून पैसे माझ्या एका डोशापेक्षा जास्त आणि नवीन प्रतीपेक्षा बरेच कमी झाले.

घरी हाहाकार. सासूबाई म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होत्या, त्यांनी आयुष्यात पुस्तकाचा कान दुमडू दिला नाही कोणाला. चार तुकडे बघून त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की आई, हे पुस्तक मुळात चार भागांतच आलं होतं, 1934 ते 36 मध्ये, एकत्र नंतर केलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यांनी केलं ते वेगळं, तू केलंस ते वेगळं." पण माझा वाचून झाल्यावर त्यांनी पहिला भाग हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, वजन बघितलं, आणि उशीजवळ ठेवून दिला. म्हणजे मला पहिला भाग संपवून मग दुसरा सुरू करता आला हे बरं झालं, कारण तो परत काही मिळाला नाही.

पुस्तकाबद्दल काय सांगू, सगळ्यांना माहीत आहे. पण मला कोणी हे सांगितलं नव्हतं की ते इतकं हसवणारं आहे. सोवळ्याचं वेड लागलेले वडील, न सांगता उठून कुठेही निघून जाणारा कवी नवरा, 1895 ला हे नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले ते सगळं प्रकरण, त्यातलं दुःख, आणि ही बाई हे सगळं अशा स्वरात सांगते की शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला आलीय. आमच्या ट्रेनच्या ग्रुपमधल्या एकीने विचारलं की एवढं काय हसतेयस, मी दोन परिच्छेद वाचून दाखवले, तर तिने माझ्या हातातून दुसरा भागच काढून घेतला. मग चार भाग चार जणींकडे, कोणी तिसऱ्यापासून वाचतंय, कोणी चौथा संपवून पहिला मागतंय. एकसंध पुस्तक असतं तर हे झालंच नसतं, एकटीकडे एक वर्ष पडून राहिलं असतं.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' मी ट्रेनमध्ये नेलंच नाही. ते काही जाड नाही खरं तर, पण त्याच सुमाराला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचन, टीव्ही, सगळं कमी करायला सांगितलं. डोळ्यात दोन वेगवेगळे थेंब घालायचे असायचे, मध्ये पाच-दहा मिनिटं अंतर ठेवून, आणि त्या मधल्या वेळात त्या डोळे मिटून पडलेल्या असायच्या आणि प्रचंड कंटाळायच्या. म्हणून मी हे काढलं. आम्ही दोघी इतकी वर्षं एका घरात राहतोय पण मी त्यांना कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. पहिल्याच पानाला टोकलं, "हळू वाच. बातम्या नाहीयेत त्या."

वरसईचा हा गरीब भिक्षुक, घरावरचं कर्ज फिटावं म्हणून काकांबरोबर उत्तरेला यज्ञाच्या दक्षिणेसाठी निघतो, आणि साल असतं 1857. त्याला बिचाऱ्याला बंडाशी काही घेणंदेणं नाही. तो झाशीत असताना वेढा पडतो. बऱ्याच वर्षांनी त्याने हे लिहून चिंतामणराव वैद्यांना दिलं, छापलं गेलं 1907 ला, आणि वैद्यांनी छापताना त्यात बरीच काटछाट, फेरफार केलेले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये परत काढलं. घेणार असाल तर कुठली आवृत्ती आहे ते आत बघून घ्या, कारण बाजारात दोन्ही धर्तीच्या आहेत.

मला जे कळायचं नाही ते सासूबाईंना कळायचं. विधींची नावं, सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी, जुने शब्द, त्या डोळे मिटूनच सांगायच्या, कधी कधी त्यांच्या आजीकडे असं असायचं तसं असायचं करून अर्धा तास दुसरीकडेच जायचो आम्ही. थेंब राहून जायचा. झाशी पडल्यानंतरची कत्तल, आगी, लपून बसलेली माणसं, ते आलं त्या रात्री मी वाचत होते आणि त्यांनी हात वर केला, "आज पुरे." मला वाटलं आता हे पुस्तक बंद. सकाळी साडेसहाला मी चहा टाकत होते तर आतून आवाज, "मग तो निसटला का गं तिथून?" मी म्हटलं निसटलाच ना आई, नाहीतर लिहिलं कोणी असतं! त्यांना ते पटलं नाही, त्यांना वाचूनच ऐकायचं होतं. त्या दिवशी मी माझी खिडकीची गाडी सोडली.

पुढे तो लुटला जातो, परत परत, कमावलेलं सगळं जातं, आणि गंगेची कावड मात्र घरापर्यंत आणतो, आईवडिलांना आंघोळ घालायला. इथे त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की कर्ज? कर्जाचं काय झालं? माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं ते.

आता राहिली रियासत. गोविंद सखाराम सरदेसायांची 'मराठी रियासत', मराठ्यांच्या इतिहासाचे आठ खंड, बाबांनी आगाऊ पैसे भरून घेतलेली, माझ्या लग्नानंतर त्यांनी स्वतः टॅक्सीत घालून आणून दिली. काट्यावर पहिलाच खंड ठेवला तर काट्याने एरर दाखवला. ही काही आपण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार नाही, हे मी मान्य केलं, आणि कोणी वाचत असेल तर त्यांना साष्टांग नमस्कार. पण तशी ती वाचायची नसतेच बहुतेक. मी सूचीतून गेले. एक नाव धरायचं, सूचीत शोधायचं, ती पानं वाचायची, त्यात दुसरं नाव येतं, मग ते. असं करत एका रविवारी सदाशिवरावभाऊपासून निघाले ती संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी सावकाराच्या पत्रव्यवहारात पोचले होते. हे 'वाचलं'मध्ये धरायचं का, तर मी धरते. नवऱ्याचं म्हणणं आहे की ही चीटिंग आहे, पण त्याने त्यातलं एकही पान उघडलेलं नाही.

दिवाळी अंकांचा गठ्ठा मी यात मोजलाच नव्हता. 1909 ला 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून मराठी माणूस बहुधा दिवाळी अंक अर्धे वाचूनच ठेवतोय. आकार असा की ट्रेनमध्ये उघडला तर शेजारणीच्या तोंडावर. ते कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळात, ओट्यापाशी उभं राहून, एकेक कथा, अशा हिशोबाने काही संपवले आणि बाकीचे खालच्या वॉचमन काकांना दिले, ते रात्रपाळीला वाचतात, आणि त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात एका कथेबद्दल इतकं खरमरीत मत दिलं की मला तो अंक परत मागायची वेळ आली.

देण्याच्या पिशव्या भरल्या त्याचं पण सांगते, कारण ते वाचण्यापेक्षा अवघड आहे. रद्दीवाला पेपरला जो भाव देतो त्याच्या खाली पुस्तकाला देतो, त्याला पुडीला उपयोग नाही ना. एका वाचनालयात विचारलं तर म्हणाले, यादी पाठवा, आम्ही निवडू, आणि निवडलेली आणून तुम्ही द्यायची. त्यांचं बरोबर आहे, सगळे रिडेव्हलपमेंटवाले त्यांच्याच दारात गोण्या नेऊन टाकतात. यादी केली, त्यांनी अकरा निवडली. बाकीची ट्रेनमध्ये वाटली. यशस्वी कसं व्हावं वाल्या सगळ्या पुस्तकांना लगेच गिऱ्हाईक मिळालं, कवितासंग्रहांना नाही. सहीच्या पानांमुळे ते मला देताही येत नाहीत, उद्या कवीच्या हातात पडलं तर काय घ्या, सो ते भाड्याच्या घरी येणार.

घर रिकामं करायची नोटीस अजून आलेली नाही. बिल्डरच्या माणसाने परवा सांगितलं की एक परवानगी अडकलीय, मार्च होईल. म्हणजे हातात अजून वेळ आहे आणि घरच्या ढिगात अजून चौदा-पंधरा जाड पुस्तकं. त्यातली शिलाईची सहा आहेत, मी कमानी मोजून बघितल्यात, पुढच्या आठवड्यात काकांकडे नेते. सासूबाईंना नवा चष्मा लागलाय, आता स्वतः वाचता येईल त्यांना, पण रात्री नऊ वाजले की हाक येतेच. सध्या इतिहासातलं काहीतरी काढ म्हणून मागे लागल्यात, मी म्हटलं रियासत आहे, आठ खंड, तर म्हणाल्या, "मग? कुठे जायचंय आपल्याला?"

आणि 'स्मृतिचित्रे'चा तिसरा भाग कोणाकडे आहे? सकाळच्या हार्बरमधल्या कोणीतरी नेलाय, अंधेरीला चढणाऱ्या ग्रुपपैकी. वाचून झाला असेल तर द्या बाई, माझी लेक दुसऱ्या भागाच्या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर अडकून बसलीय.